आधी नाव सांगायचं

"तिसऱ्यांदा व! तिसऱ्यांदा इचारून गेली बाई, तांदूळ किती घेतला म्हनून. मी काय चोर हावो का बहिरी हावो?"

शाळेच्या स्वयंपाकखोलीची भिंत नावालाच भिंत. कमरेइतक्या विटा आणि वर टिनाचा पत्रा. पत्र्याच्या अलीकडं, हात धुवायच्या नळापाशी ज्योत्स्नाबाई उभ्या होत्या. पलीकडं मनकर्णाबाई खिचडीत मोठा झारा फिरवत गोमतीबाईजवळ मन मोकळं करत होती.

"जाऊ दे व माय," गोमतीबाई म्हणाली. "मोठ्या बाईच्या डोक्याले काय कमी ताप हाये? शुक्रवारी साहेब लोक येऊन राह्यले."

"येऊन राह्यले तं येऊ दे ना. पन एका मानसाले एकच गोष्ट किती डाव सांगावं? मलेच वाटलं, आपलंच कायी चुकून राह्यलं का काय." मग मनकर्णाबाईचा आवाज खाली आला. पत्र्याला कान असल्यासारखा. "अन् तिच्या तोंडाकडं पाह्यलं का तू? दर डावी अशी इचारते, जशी पहिल्यांदाच इचारून राह्यली."

"चूप राय," गोमतीबाई म्हणाली. "मीठ पाह्य आधी."

ज्योत्स्नाबाईंनी नळ बंद केला. एकदा विचारल्याचं त्यांना आठवत होतं, चांगलं स्वच्छ आठवत होतं. मनकर्णाबाई तेव्हा सुपात तांदूळ पाखडत होती, तिच्या कानामागं तुळशीची मंजिरी होती. पण हे एकदाच. बाकीच्या दोन वेळा कुठं गेल्या? मनात जाऊन शोधलं तर तिथं काहीच नव्हतं. अंधार असता तरी चाललं असतं, अंधारात माणूस चाचपडतो तरी. इथं चाचपडायला जागाच नव्हती.

पदराला हात पुसून त्या वर्गाकडं निघाल्या. पायरीवर क्षणभर थांबल्या. डावीकडं पाचवी-सहावी आणि उजवीकडं पवन सरांचा लहान मुलांचा वर्ग. हो, डावीकडंच.

ज्योत्स्नाबाई पूर्वी कशा होत्या, हे मानोऱ्यापासून इंझोरीपर्यंत कुणालाही विचारा. त्यांच्या हाताखालून गेलेला एक पोरगा आता एसटीत कंडक्टर आहे. बाई गाडीत चढल्या की अजूनही तो आधी शर्टाचं बटण लावतो आणि मग तिकीट फाडतो. पाढे, नद्या, व्याख्या, हाडांची नावं, सगळं बाईंच्या तोंडावर होतं आणि बाई ते पोरांच्या तोंडावर चढवत. वर्गात प्रश्न विचारायचे ते बाईंनी आणि उत्तर द्यायचं ते पोरांनी. उलटं कधी झालं नाही. शाळेत त्या पुस्तकातली भाषा बोलत आणि घरी वऱ्हाडी. दोन चपला असाव्या तशा या दोन भाषा. एकीच्या जागी दुसरी त्यांनी कधी घातली नाही.

मग काही वर्षांपूर्वी ते प्रशिक्षण आलं. एक तरुण मुलगा समोर उभा राहून म्हणाला, मुलांना आयतं उत्तर देऊ नका, त्यांना प्रश्न पडू द्या, त्यांचं त्यांना शोधू द्या. शोध घेताना जे कळतं ते आयुष्यभर टिकतं. ज्योत्स्नाबाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या होत्या, "उत्तर द्यायचं नाही तर मग पगार कशाचा घ्यायचा?" दोघी पदरात तोंड घालून हसल्या होत्या.

आणि मागच्या पावसाळ्याच्या शेवटी गोलूनं विचारलं, "बाई, सोयाबीनचं पान पिवळं काहून पडते?"

हे का येत नव्हतं बाईंना? अर्ध्या आयुष्यभर शिकवलं होतं. पानाला हिरवं करतं ते... ते. त्याचं नाव. तोंड उघडलं आणि नाव नव्हतंच. खडू बोटात तसाच राहिला. पोरं बघत होती. भीतीपोटी बाईंच्या तोंडातून भलतंच निघालं, त्या तरुण मुलाचं वाक्य. "तुला काय वाटतं? शोध ना तूच."

गोलू गडबडला. पण रूपाली नावाची एक बारकी, नाकात नेहमी सर्दी असलेली पोरगी म्हणाली, "बाई, उन्हाचं असन. आपून पानाले कागद बांधून पाहू." शाळेमागच्या शेतात पोरांनी काही पानांना वर्तमानपत्राचे तुकडे बांधले. रोज जाऊन उघडून बघायची. भांडायची. शेवटी कागदाखालचं पान फिकट पडलेलं निघालं, तेव्हा असा गलका झाला की शेताच्या कडेच्या धुऱ्यावरचा माणूस विळा टाकून पळत आला, साप निघाला म्हणून.

हरितद्रव्य हा शब्द बाईंना त्याच संध्याकाळी भाकरी थापताना आला होता. तोवर त्याची गरज संपली होती.

तेव्हापासून वर्गाचं रूपच बदललं. पोरं प्रश्न आणायची, बाई म्हणायच्या, "बघू या." पवन सरांनी हीच पद्धत पलीकडच्या वर्गात करून पाहिली. पोरांना म्हणाले, "मला नाही माहीत, तुम्ही शोधा." तर पोरं म्हणाली, "सर, तुमाले येते. सांगून टाका ना." पोरांना नाटक कळतं. ज्योत्स्नाबाईंच्या वर्गात नाटक नव्हतं.

केंद्रप्रमुख पडघान साहेबांनी एकदा मागच्या बाकावर बसून तास पाहिला आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "अख्ख्या तासात बाईंनी एक उत्तर दिलं नाही! याला म्हणतात संयम." त्यांनी जिल्ह्याला कळवलं. जिल्ह्यातून निरोप आला. शुक्रवारी कॅमेरा घेऊन लोक येणार होते. बाईंचा तास सगळ्या शाळांना दाखवायचा होता.

पडघान साहेबांना सगळ्यात आवडली ती एक गोष्ट. या वर्गात प्रत्येक मूल बोलायला उभं राहिलं की आधी स्वतःचं नाव सांगायचं. "मी गोलू. माझा प्रश्न असा हाये." "मी रूपाली. मले तसं नाही वाटत." साहेब म्हणाले, यानं मुलाला स्वतःची किंमत कळते. बाईंनी मान हलवली. कधीतरी आपणच ही सवय लावली असणार, असं त्यांना वाटलं. चांगली सवय होती. सकाळी हजेरीत नावं डोळ्यांसमोर यायची, प्रत्येक चेहऱ्यावर एकेक बसायचं, आणि खिचडीच्या सुट्टीपर्यंत चिमण्यांसारखी भुर्र उडून जायची. मग पोरगं उभं राहायचं, नाव सांगायचं, आणि बाईंचा जीव भांड्यात पडायचा.

याला काय म्हणायचं, ते घरात कुणी बोलत नव्हतं. बबनराव, म्हणजे बाईंचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी बाईंची स्कूटी परस्पर भाच्याला देऊन टाकली. "एका घरी दोन गाड्या कायले पायजे? मी रिकामाच हावो, सोडत जाईन तुले." त्याच्या आधी काही दिवस बाई मानोऱ्याच्या चौकात स्कूटी बंद करून उभ्या होत्या, कुठल्या रस्त्याला वळायचं ते न कळून. हे बबनरावांना चौकात रूमाल विकणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. ते त्यांनी बाईंना सांगितलं नाही आणि बाईंनी त्यांना सांगितलं नाही. गॅस चालू राहिला की ते उठून मुकाट्यानं बंद करत आणि मोठ्यानं म्हणत, "थायरॉइडचं असन. झोप नाही होत तुले." अकोल्याच्या डॉक्टरांकडं दिवाळीनंतर जायचं ठरलं होतं. दिवाळी होऊन तुरी शेंगांवर आल्या होत्या.

"जाऊ ना," बाई म्हणायच्या. "शुक्रवार होऊन जाऊ द्या."

"हो ना, होऊ दे," बबनराव लगेच म्हणायचे. दोघांचीही सुटका व्हायची.

बाईंना भीती वाटत होती ती नोकरीची नव्हे. त्यांना धनजच्या मावशीची भीती वाटत होती. मावशी शेवटी शेवटी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "माही माय आली का व?" माय जाऊन तिची किती वर्षं झाली होती. लहानपणी ज्योत्स्ना आणि भावंडं मुद्दाम तिच्यासमोरून जायची, पुन्हा पुन्हा, तिनं विचारावं म्हणून. आणि हसायची. नंतर मावशीच्या खोलीला बाहेरून कडी लागली. गावात तिचं नाव कुणी घेत नसे. येडी म्हणत. ती कडी अजून बाईंच्या कानात होती. घरात कुठंही दार लागलं की त्या मान वळवून बघत.

शुक्रवारी दाखवायचा होता तो बंधाऱ्याचा प्रश्न हेमसिंगचा. हेमसिंग तांड्यावरचा, काळासावळा, कमी बोलणारा. आईबाप ऊसतोडीला गेलेले, हा आजीजवळ राहिलेला. दिवाळीनंतर तो उभा राहिला. "मी हेमसिंग. नाल्यावरच्या बंधाऱ्यात आता कोनीच मोटर लावत नाही. तरी पानी रोज खाली जाते. ते कुठी जाते?"

"ऊन पेते," गोलू म्हणाला.

"मी रूपाली. जमीन पेते."

"आदी तुवं नाक पूस, मग सांग."

आठवडाभर भांडण चाललं. शेवटी पोरांनीच तोड काढली. बंधाऱ्याच्या काठाला एक बादली गळ्यापर्यंत पुरायची आणि पाण्यानं भरायची. बादलीला बूड आहे, तिच्यातलं पाणी जमीन पिऊ शकत नाही, पिईल तर ऊनच. बंधाऱ्यातलं मात्र दोघं पितात. दोन्हीकडं खुणांच्या काठ्या रोवायच्या आणि फरक पाहायचा. ज्योत्स्नाबाईंना हे इतकं आवडलं की त्या रात्री त्यांनी बबनरावांना कांदे चिरता चिरता सगळं समजावून सांगितलं. एकदा सांगितलं, की जास्त वेळा, ते बबनरावांनाच माहीत. त्यांनी ऐकून घेतलं.

घोळ बकऱ्यांनी केला. मंगळवारी पोरं गेली तर बादली रिकामी. काठाला खुरांचे ठसे आणि लेंड्या. गोलू म्हणाला, "मी गोलू. ऊनबी नाही पेलं अन् जमीनबी नाही. बकऱ्यायनं पेलं." सगळे हसले, पण रडकुंडीलाही आले. शुक्रवार समोर होता.

म्हणून बुधवारी दुपारी बाई वर्ग घेऊन बंधाऱ्यावर गेल्या. बादली पुन्हा भरायची आणि तिच्याभोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण करायचं. बादली भरून झाली आणि काट्या आणायला पोरं धुऱ्याकडं धावली. दूर तुरीच्या कडेनं बकऱ्यांचा कळप येत होता. बाईंनी कळप पाहिला आणि जवळच उभ्या असलेल्या पोराला सांगितलं, "तू इथंच थांब. बकऱ्यांना जवळ येऊ देऊ नको. मी येईपर्यंत हलायचं नाही."

मग त्या धुऱ्याकडं गेल्या. तिथं गोलूच्या टाचेत काटा मोडला, रक्त आलं, गोलूनं गाव डोक्यावर घेतलं. बाईंनी त्याला उचलून घेतलं. या वयात, पाचवीच्या पोराला! पोरांचा घोळका मागं. शाळेत पवन सरांनी सुईनं काटा काढला, पोरं गोलाकार उभी राहून बघत होती. तेवढ्यात सुट्टी झाली. तांड्यावरची पोरं नेहमी आडवाटेनं पांगतात. कोण गेलं, कोण राहिलं, कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी बबनराव मोटरसायकल घेऊन फाटकात आले आणि त्यांच्या मागोमाग हेमसिंगची आजी.

"बाई, माहा नातू कुठी हाये?"

"घरी गेला ना?" बाई म्हणाल्या.

"घरी आला असता तं मी पायपीट करत आली असती का अठी?"

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. गोलू आठवला, त्याची टाच, रक्त. सुई आठवली. त्याच्याआधी? पवन सर बाहेर आले, मनकर्णाबाई आली. कुणी म्हणालं रस्त्यावर पाहू, कुणी म्हणालं विहिरीवर. विहीर म्हटल्याबरोबर आजी मटकन खाली बसली. "शेवटी कोनासंगं होता?" पवन सरांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. रूपाली फाटकाला लोंबकळत होती, ती बाईंकडं बघत म्हणाली, "बाई, बंधाऱ्यावर पाहू का?" विचारलं असं, जसं बाईंनीच आधी सुचवलं होतं.

नाल्याची वाट बाईंच्या पायांना माहीत होती, म्हणून त्या चालत राहिल्या. ऊन उतरलं होतं. काठावर पोहोचल्या आणि त्यांना चपला दिसल्या. लहान, निळ्या, अंगठ्याजवळ तारेनं बांधलेल्या. पाण्याच्या अगदी कडेला नीट जोडीनं ठेवलेल्या. पाणी स्तब्ध होतं. मधली खुणांची काठी तेवढी उभी होती.

 बाईंना हाक मारायची होती, आणि हाक मारायला नाव नव्हतं. आत्ताच आजीच्या तोंडी ऐकलेलं, फाटकापासून सगळे घेत आलेलं नाव. तोंड उघडं आणि आत काही नाही. मागून पवन सरांनी आवाज दिला, "हेमसिंग!"

"ओ सर!"

बांधाच्या पलीकडच्या उतारावर, पुरलेल्या बादलीशेजारी तो बसला होता. एका हातात बाभळीची काडी. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, काठी वाचायला पाण्यात उतरला होता म्हणून. तो उठून उभा राहिला नाही. बाईंकडं बघून आधी म्हणाला, "बाई, आता हलू का?"

पवन सरांनी बाईंकडं पाहिलं.

"तुमी म्हनलं होतं, मी येईपर्यंत हलू नको म्हनून. बकऱ्या दोनदा आल्या. मी हाकलल्या. एक थेंब पेऊ नाही दिला."

बाईंना आठवलं नाही. नंतरही कधी आठवलं नाही. पण ते खरं होतं हे त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. इतका वेळ बसलेल्या पोराच्या चेहऱ्यावर खोटं राहत नाही.

आजी मागून धापा टाकत आली आणि येताच तिनं नातवाच्या गालावर फाडकन ठेवून दिली. "मेल्या! मा जीव गेला ना रे इकडं! खेळत बसला पान्यापाशी!"

"पोट्टा नादी लागला आजी," पवन सर घाईनं म्हणाले. "आमाले न सांगता मागं राह्यला. जाऊ द्या, सापडला ना."

हेमसिंगनं गालावर हात ठेवला आणि बाईंकडं पाहिलं. रडला नाही. नुसता बघत राहिला, वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर बघायचा तसा. बाईंनी पदर तोंडाशी धरला. बबनराव त्यांच्या मागं उभे होते. त्यांनी बाईंच्या कोपराला धरलं आणि म्हणाले, "चल. दव पडून राह्यलं."

फाटकापाशी पवन सर जवळ आले. चांगला पोरगा, बाईंना आईसारखं मानणारा. "बाई, शुक्रवार होईपर्यंत कायी बोलू नका कोनाले."

"कशाबद्दल?"

पवन सर चपलेनं माती उकरत राहिले. "कशाबद्दलच नाही," म्हणाले.

गुरुवारी हेमसिंग शाळेत आला, मागं बसला, आणि दिवसभर त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. मधल्या सुट्टीत मनकर्णाबाईनं त्याच्या ताटात न मागता दुसऱ्यांदा खिचडी वाढली. "खाय," म्हणाली. "बसून बसून भूक लागली असन." म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. बाई रात्रभर जाग्या राहिल्या. पोराच्या गालाचा विचार करत राहिल्या, आणि मधूनच भीती वाटे, की हेही आपण विसरू. विसरलो तर बरं होईल का, असाही विचार आला. तो विचार आला तेव्हा त्या उठून बसल्या.

शुक्रवारी शाळेला तोरण लागलं. जिल्ह्याच्या निता मॅडम आल्या. मोकळ्या स्वभावाच्या, पोरांत चटईवर बसणाऱ्या. पडघान साहेब नव्या शर्टात. एका मुलानं कॅमेरा तिपाईवर लावला. दाराशी पवन सर उभे, खिडकीत मनकर्णाबाई आणि गोमतीबाई. बबनराव बाईंना सोडून परत गेले नव्हते, वडाखाली गाडीवर बसून होते.

तास असा रंगला की काय सांगावं. पोरांनी फळ्यावर बंधारा काढला, बादली काढली. गोलू लंगडत आला. "मी गोलू. मी म्हनलं होतं ऊन पेते. बादलीतलं पानी एवढं कमी झालं, म्हनजे ऊन पेते हे खरं. पन बंधाऱ्यातलं त्याच्याहून लई जास्त कमी झालं. म्हनून मी हारलो. अर्धा हारलो." मॅडम टाळ्या वाजवून हसल्या. रूपाली उठली. "मी रूपाली. जमीन जे पेते ते कुठी जाते, हा आता नवा प्रश्न हाये. आमाले वाटते, खालच्या विहिरीत जाते. पन वाटून कायी होत नाही, पाहा लागते."

"किती छान," निता मॅडम म्हणाल्या. "आणि मला एक सांगा, प्रत्येकानं बोलण्याआधी नाव सांगायचं, हे फार सुंदर आहे. मी कुठल्याच शाळेत पाहिलं नाही. कुणाची कल्पना ही? बाई, तुमची?"

बाई हो म्हणणार होत्या. तोंडात हो आलाच होता. तेवढ्यात त्यांना वाटलं, कधी बरं सांगितलं आपण? कुठल्या दिवशी? त्यांनी वर्गाकडं पाहिलं. आत्तापर्यंत चिवचिवणारा वर्ग एकदम गप्प झाला होता. गोलू टाचेची पट्टी बघत होता. रूपालीनं नाक वर ओढलं आणि मान खाली घातली.

"तू सांग," मॅडमनी रूपालीला विचारलं. "आधी नाव का सांगता तुम्ही?"

"असंच."

"कुणी शिकवलं?"

"कोनीच नाही. असंच."

"असंच," गोलू म्हणाला. "असंच मॅडम," आणखी दोघंतिघं म्हणाली. या वर्गात आजवर कुठल्याच प्रश्नाला असंच हे उत्तर आलं नव्हतं. पोरांनी ते कधी चालवूनच घेतलं नसतं.

तेव्हा ज्योत्स्नाबाईंना कळलं. पूर्ण कळलं, एकाच वेळी, जसं पूर्वी सगळं कळायचं तसं. ही एवढी एवढी पोरं. कुणीतरी एक दिवस बाईंच्या डोळ्यांत ते पाहिलं असणार, चेहरा दिसतोय आणि नाव नाही. नाक ओढणाऱ्या या पोरीनंच पाहिलं असणार. तिनं बाकीच्यांना सांगितलं असणार, नळापाशी, किंवा वडाखाली. बाईंना कळू न देता. आणि तेव्हापासून रोज, प्रत्येक प्रश्नाआधी. बाई हात पसरून उभ्या राहायच्या आणि पोरं त्यांच्या हातावर एकेक नाव ठेवायची.

"बरं, मूळ प्रश्न कुणाचा होता? पाणी कुठं जातं हा?" मॅडमनी विचारलं.

मागून हेमसिंग उठला. "मी हेमसिंग," एवढंच म्हणून थांबला.

"अरे, हाच ना तो!" पडघान साहेब हसत म्हणाले. "मॅडम, याची गंमत सांगतो. परवा हा कुणाला न सांगता बंधाऱ्यावर पळून गेला. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव शोधतंय आणि हा आपला खेळत बसलेला. हुशार आहे, पण वांड! असू दे, असू दे, हेपण घ्या कॅमेऱ्यात."

मोठी माणसं हसली. पोरं हसली नाहीत. हेमसिंगनं त्याच गालावर हात नेला आणि बाईंकडं पाहिलं. आज त्या नजरेत प्रश्नही नव्हता. बाईंना वाचवायचं असतं हे त्यालाही ठाऊक होतं. तो खाली बसायला लागला.

"बसू नको," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

कुठंतरी दार लागलं. वाऱ्यानं स्वयंपाकखोलीचं असेल. बाईंनी या वेळी मान वळवली नाही. त्या टेबलाचा आधार घेऊन उठल्या, कॅमेऱ्याच्या समोरून चालत पोरांपर्यंत गेल्या आणि त्यांच्यात चटईवर खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. दारातून पवन सर हळूच म्हणाले, "बाई, राहू द्या." वडाखाली बबनराव गाडीवरून उतरून उभे राहिले होते.

"तो पयून नव्हता गेला, मॅडम," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. पुस्तकातली भाषा कुठं गेली, त्यांचं त्यांना कळलं नाही. "मी त्याले तठी बसवलं अन् मी इसरली. त्यानं माह्यासाठी मार खाल्ला अन् मी चूप राह्यली. अन् हे नावाचं बी माहं नव्हे. हे लेकरायनं केलं."

मॅडम काही म्हणायला गेल्या. बाईंनी हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा, आणि बोलल्या त्या पोरांकडं बघून.

"मी ज्योत्स्ना," त्या म्हणाल्या. "मले तुमची नावं आठवत नाही रे, बापा."